रामसेजच्या लाकडी तोफा आणि भाचीची संदर्भसूची

गोदाकाठ

मंडळी, घरात पेटलेला वाद इथे आणून टाकतोय. भाची टीवायबीएला इतिहास घेऊन आहे. प्रकल्पाला तिने रामसेज निवडलाय, दिंडोरी रोडला आशेवाडीच्या डोक्यावर आहे तोच. लिहिलंय झकास. १६८२ ला औरंगजेबाने शहाबुद्दीन खानाला धाडलं, गडावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून झाडांची खोडं पोखरून तोफा केल्या, मोगलांनी लाकडाचा उंच दमदमा (तोफा चढवायचा बुरूज) उभारला, मग कुणी मांत्रिक सोन्याचा नाग घेऊन पुढे झाला. सगळं आलंय. फक्त वेढा किती दिवस चालला याला एका पानावर साडेपाच वर्षं, दुसऱ्यावर पासष्ट महिने आणि निष्कर्षात सहा वर्षं. किल्लेदार एका ठिकाणी सूर्याजी जेधे, दुसरीकडे सूर्याजी जाधव.

खरी गंमत शेवटच्या पानावर. 'प्राथमिक साधने' (म्हणजे त्या काळातली किंवा प्रत्यक्ष पाहणाऱ्याची मूळ साधनं; त्यांवरून पुढे लिहिलेली ती दुय्यम) या मथळ्याखाली १८८३ चं नाशिक जिल्हा गॅझेटियर, दोन संकेतस्थळं आणि एक यूट्यूब चॅनेल. मॅडमनी त्याभोवती लाल गोल काढून नुसतं 'कसे?' असं लिहिलंय. भाचीचं म्हणणं, "मामा, गॅझेटियर एवढं जुनं, इंग्रजांच्या काळातलं, इंग्लिशमधलं. अजून काय प्राथमिक असायचं?" ताईचं म्हणणं, मार्क दिले की झालं.

जुनं ते सगळं अस्सल हा हिशेब मला पटत नाही. पण तिला पटेल असं सांगता येईना. इथे जाणकार आहेत, जरा उजेड पाडा.

तर्रीवाला

यूट्यूब चॅनेलवाला स्वतः त्या वेढ्यात होता का ते आधी विचारा. असेल तर प्राथमिक. :)

मोडीवेडा

तर्रीवाल्यांनी थट्टेत बरोबर जागी बोट ठेवलंय.

गॅझेटियर प्राथमिक की दुय्यम, असा अर्धाच प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही. कशासाठी प्राथमिक, ते आधी ठरवा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड म्हणजे नाशिकचा, कॅम्बेलसाहेबाच्या संपादनाखाली १८८३ ला निघाला. त्यात त्या काळची पिकं आहेत, बाजार आहेत, रस्ते, वस्ती, सरकारी हिशेब आहेत. भाचीने 'इंग्रजी अमलातला नाशिक जिल्हा' हा विषय घेतला असता तर हे पुस्तक तिचं पहिल्या नंबरचं साधन ठरलं असतं. इंग्रज अधिकारी इथल्या माणसांकडे कुठल्या नजरेने बघत होते, हे शोधायचं असेल तर त्यातले पूर्वग्रहसुद्धा कामाचे. पण वेढा १६८२ चा. मधे दोनशे वर्षं गेली. त्या बाबतीत गॅझेटियर लिहिणारा तुमच्या-आमच्यासारखाच, कुणाचं तरी वाचून लिहिणारा. म्हणजे पुस्तक तेच, अर्ध्या पानांना प्राथमिक आणि अर्ध्या पानांना दुय्यम.

आता तुमच्या तोफा. लाकडी तोफा, दमदमा आणि सोन्याचा नाग या तिन्ही गोष्टी खाफीखानाच्या 'मुन्तखब-उल-लुबाब' या फार्सी ग्रंथातून आल्यात. खाफीखान औरंगजेबाच्या काळात वाढला खरा, पण ग्रंथ पुरा झाला तो महंमदशहाच्या राज्यात, म्हणजे वेढ्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी. फार्सी येणारे आपल्यात किती? बहुतेकांनी तो वाचला तो इलियट आणि डाउसन यांच्या इंग्रजी अनुवादात. त्यांचा सातवा खंड १८७७ चा. आणि तो अख्ख्या ग्रंथाचा अनुवाद नाही, निवडक उतारे आहेत. निवडले कुणी? ज्यांना आधीच्या मुसलमानी राजवटींपेक्षा इंग्रजी राज्य कसं बरं, हे दाखवायचं होतं त्यांनी. इलियटने हे लपवून ठेवलेलं नाही, प्रस्तावनेत सरळ लिहिलंय.

तिथून मराठी पुस्तक, पुस्तकावरून वर्तमानपत्री लेख, लेखावरून संकेतस्थळ, त्यावरून व्हिडिओ आणि व्हिडिओवरून भाचीची वही. कानगोष्टीचा खेळ आहे हा. पहिल्याच्या कानात काय सांगितलं होतं ते बघायला रांगेच्या टोकापर्यंत चालत जावं लागतं.

पाथर्डीफाटा

मग खाफीखान तरी प्राथमिक का? तोही पन्नास वर्षांनीच लिहितोय की.

मोडीवेडा

प्रश्न रास्त आहे. काळाच्या जवळचा म्हणून इतिहासकार त्याला मूळ साधनांत धरतात, पण हात राखून. त्याच्यापेक्षा जवळचं म्हणजे मोगल दरबाराची अखबारं. बादशहापुढे कुठल्या मोहिमेचं काय वर्तमान आलं, कुणाला खिलत (मानाचा पोशाख) मिळाली, कुणाची मनसब (दरबारी दर्जा) वाढली किंवा घटली, याच्या त्या-त्या दिवसाच्या नोंदी. लिहिणारा रुक्ष कारकून. त्याला गोष्ट रंगवायची नसते, म्हणून तारखेसाठी त्याच्यावर जास्त भिस्त ठेवता येते. पण सोन्याच्या नागासारखी गोष्ट त्याच्याकडे मागू नका.

महिन्यांचा आकडा लिहिताना भाचीने एवढंच पाहावं: वेढा सुरू झाल्याची तारीख कुठून घेतली, किल्ला पडल्याची कुठून घेतली, आणि वजाबाकी कुणी केली? साडेपाच वर्षं आणि पासष्ट महिने हे तर जवळपास एकच झालं. कुणीतरी एकदा हिशेब मांडला आणि बाकीच्यांनी उतरवला, असा वास येतोय.

सह्यपुत्र

वा! म्हणजे आमच्या बखरी भाकडकथा आणि मोगलांच्या भाटांनी लिहिलं ते प्रमाण! मराठ्यांचा इतिहास मोगलांच्या नोकरांना विचारून लिहायचा का आता? असल्या 'अभ्यासकां'मुळेच आपल्या पोरांना आपले पराक्रम ठाऊक नाहीत.

तर्रीवाला

आला, आला. मी पापडी घेऊन बसलोय.

संपादक

विषयाला धरून लिहा. वैयक्तिक शेरे उडवले जातील.

मोडीवेडा

सह्यपुत्र, रागावू नका. रामसेजच्या शर्थीचं हे जे वर्णन आपण अभिमानाने सांगतो ना, ते लिहून ठेवलंय मोगलांकडच्याच माणसाने. मराठ्यांची स्तुती करून त्याला काय मिळणार होतं? उलट आपल्याच सरदारांची फजिती त्याला लिहावी लागली. जे लिहिताना लिहिणाऱ्याला अडचण वाटावी आणि तरी त्याने लिहावं, त्या मजकुराचं वजन जास्तच धरतात. हाच मजकूर मराठी भाटाचा असता तर तुम्हीच म्हणाला असता, आपल्या धन्याचं कौतुक कोण करत नाही?

जवळचंच आणखी एक उदाहरण देतो. कांचनबारी, म्हणजेच वणी-दिंडोरीची लढाई, ऑक्टोबर १६७०. शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून बागलाणातून परत येत होते आणि मोगल सरदार दाऊदखान आडवा आला. या लढाईसाठी हाताशी काय काय आहे ते बघा.

एक, भीमसेन सक्सेना. हा मोगलांच्या चाकरीतला कायस्थ, त्या वेळी दाऊदखानाच्या फौजेबरोबर होता. म्हणजे प्रत्यक्ष हजर. पण 'तारीखे दिल्कुशा' या त्याच्या आठवणी पुऱ्या झाल्या औरंगजेब गेल्यानंतर, जवळजवळ चाळीस वर्षांनी. डोळ्यांनी पाहिलंय खरं, पण लिहिलंय म्हातारपणी.

दुसरं साधन सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं. ती त्याच दिवसांतली, शाई ताजी. सुरतेत काय झालं ते त्यांना दारातून दिसत होतं, तेवढ्यापुरते ते साक्षीदार. कांचनबारीला मात्र त्यांच्यातला कुणी नव्हता. तिथलं त्यांनी जे लिहिलं ती बाजारातून कानावर आलेली बातमी. एकाच पत्रातली वरची चार वाक्यं साक्ष आणि खालची दोन अफवा, असंही होतं.

मग सभासद. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरचा माणूस. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने जिंजीला बखर लिहिली, १६९४ च्या सुमारास. कोण कुठल्या कामावर होतं, कारभार कसा चालायचा, हे त्याला आतून ठाऊक. प्रसंगांचा क्रम आणि आकडे मात्र त्याच्याकडून ताडूनच घ्यावे लागतात. आणि मल्हार रामराव चिटणीसाची बखर थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. शिवकाळासाठी तिला सभासदाच्या पंगतीला बसवता येत नाही, दोन्ही 'बखरी' असल्या तरी.

बखरीवर सरसकट फुली मारा असं कुणी म्हणत नाही. पण इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तोच मुळी अस्सल पत्रव्यवहार छापून, आणि प्रस्तावनेत बखरींची चांगली खरडपट्टी काढली. तो माणूस मराठ्यांच्या इतिहासावर कमी प्रेम करत होता असं म्हणाल का? महाराजांच्या जन्मसालाचंच घ्या. बखरींच्या आधारावर १६२७ चालत आलं होतं. लोकमान्यांनी १९१६ ला जेधे शकावली (जेधे घराण्याकडची वर्षवार नोंदींची यादी) उजेडात आणली, तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली, आणि परमानंदाच्या 'शिवभारत' काव्यात तीच तिथी. तेव्हा कुठे १९ फेब्रुवारी १६३० वर गाडी आली. मोगलांना विचारायची गरजच पडली नाही. घरच्याच दोन कागदांनी घरच्या बखरींना दुरुस्त केलं.

सह्यपुत्र

जेधे शकावलीचा मुद्दा मान्य. बाकी मला अजून पटलेलं नाही. पण किल्लेदाराचं नाव सांगा ना मग. जेधे की जाधव?

मोडीवेडा

ज्याला जे नाव माहीत आहे त्याने ते कुठल्या समकालीन कागदात आलंय तेवढं इथे द्यावं. संकेतस्थळाचा दुवा नको, कागद सांगा.

पाथर्डीफाटा

मी शोधलं. सहा पानं सापडली. चार पानांत वाक्यसुद्धा तेच, एका ठिकाणची टंकनाची चूकसुद्धा तीच. :D

त्रिरश्मी

धाग्याची गाडी सतराव्या शतकात अडकलीय, म्हणून जरा मागे नेते. नाशिकच्या पांडवलेण्यांत मी पाहुणे घेऊन कायम जात असते. पायऱ्या चढून धापा टाकत वर आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, पांडव इथे किती दिवस राहिले? पांडवांचं नाव लोकांनी मागाहून दिलेलं. भिंतींवरच्या लेखांत डोंगराचं नाव 'तिरण्हु' आहे.

दगडात कोरलंय, दोन हजार वर्षांचं आहे, म्हणजे ते प्राथमिकच. त्यात वाद नाही. पण म्हणून ते सगळं सारखंच विश्वासाचं का? दहाव्या लेण्यात जा. नहपान या क्षत्रपाचा (शक राजाचा) जावई उषवदात, त्याचे लेख आहेत. एका लेखात तो सांगतो, आपण तीन लाख गाई दान दिल्या. शेजारच्याच लेखात तो सांगतो, गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) आपण तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यात मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण.

आता कागद घेऊन हिशेब करा. दोन हजारांवर महिना एक टक्का म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैचाही फरक नाही. हे लिहिणाऱ्याच्या समोर खरा व्यवहार होता, म्हणून आकडे जुळतात. तीन लाख गाईंचा असा ताळा करता येईल का? माणूस तोच, लेणं तेच, लिपी तीच. एक वाक्य प्रशस्तीचं, म्हणजे स्तुतीचं, आणि दुसरं ठेवपावतीचं. दोन्ही प्राथमिक, पण एकाच मापाने घ्यायची नाहीत.

याहून मजेची गोष्ट त्याच लेखाच्या शेवटी आहे. हे सगळं निगमसभेत (नगरसभेत) वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवलं, असं तो म्हणतो. म्हणजे मूळ दस्त गोवर्धनच्या दप्तरात फळ्यांवर होता. आपण ज्याला अस्सल म्हणून हात लावतो तो दगड एका अर्थी जाहीर नक्कल आहे! फळ्या केव्हाच गेल्या, नक्कल राहिली. (गोवर्धन अजून आहे बरं का, गंगापूर रोडने पुढे गेलं की.)

गोदाकाठ

त्रिरश्मीताई, हे भाचीला वाचून दाखवलं. "तीन लाख गाई कुठे बांधल्या असतील?" हा तिचा पहिला प्रश्न. अजून लिहा.

त्रिरश्मी

लिहिते की. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी, त्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी तेव्हा हयात नव्हता. ही आई मुलाबद्दल लिहवून घेतेय: क्षहरात वंश (नहपानाचा वंश) निःशेष करणारा, शक-यवन-पल्हवांचा संहार करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. पाठ्यपुस्तकात गौतमीपुत्राचं जे चित्र आहे ते बरंचसं या एका लेखावर उभं आहे. गेलेल्या मुलाबद्दल आईने काढलेले शब्द, राजघराण्याच्या दानलेखात. याहून पक्षपाती साक्षीदार कुठून आणणार?

पण त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या स्वतःच्या राजाज्ञाही आहेत. अठराव्या वर्षी तो लढाईच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला हुकूम सोडतो, कखडी गावातलं आजवर उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत इथल्या भिक्षूंना द्या. चोविसाव्या वर्षी दुसरा हुकूम, या वेळी राजमातेच्या नावासह: पूर्वी दिलेलं कखडीचं शेत कुणी कसत नाही आणि गावही वसलेलं नाही, तेव्हा त्याऐवजी शहराच्या शिवेवरच्या आमच्या सरकारी शेतातली शंभर निवर्तनं द्या. मला स्वतःला त्या तीन समुद्रांपेक्षा हे ओसाड शेत जास्त आवडतं. क्षहरातांना निःशेष करणाऱ्या राजाचं दान सहा वर्षं पडीक होतं, हे प्रशस्तीत कधी येणार नाही. हुकमात येतं, कारण हुकूम पुढच्या पिढ्यांना काही पटवायला लिहिलेला नसतो. शेत वाहतं करायला लिहिलेला असतो.

पाथर्डीफाटा

पण मग क्षहरात निःशेष झाले हे आईच्या शब्दावरच मानायचं?

त्रिरश्मी

नाही, तिथे नाणी मदतीला येतात. गोदावरी आणि दारणेच्या संगमावरच्या जोगलटेंभीला १९०६ ला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला. असं नाणं भिंगाखाली धरलं की खाली नहपानाचा चेहरा आणि कडेची ग्रीक अक्षरं अर्धवट दिसतात आणि त्यावर कमानी-कमानींचं, डोंगरासारखं दिसणारं चैत्याचं चिन्ह बसलेलं असतं. नहपानाचं नाक गौतमीपुत्राच्या डोंगराखाली चेपलेलं. हरलेल्याचा पैसा जिंकणाऱ्याने वितळवलासुद्धा नाही, तसाच चालवला. बलश्रीच्या लेखाला नाण्यांनी दुजोरा दिला तो असा. नाण्याला आई नसते.

अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथलं संग्रहालय भाचीला जरूर दाखवा. आणि हे लेख वाचायचे असतील तर भगवानलाल इंद्रजींनी लावलेलं वाचन त्याच १८८३ च्या गॅझेटियरमध्ये आहे. पुढे सेनार्त यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात पुन्हा वाचून काही जागा सुधारल्या. मूळ लेख प्राथमिक असला तरी तो 'वाचणारा' मधे असतोच. एक अक्षर वेगळं लागलं की अर्थ हलतो.

तर्रीवाला

"नाण्याला आई नसते." ताई, हे स्टेटसला ठेवू का?

सराफबाजारकर

चांगला धागा. वाचनखूण साठवली. शिलालेख आणि बखरी झाल्या, आता घरोघरचा इतिहास. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या कुणी काढल्या नाहीत म्हणून मी काढतो. आमचा लहानपणापासूनचा शेजार त्यांचाच.

बाहेरगावचा माणूस क्रियाकर्माला आला की गुरुजी आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात, मग बरोबर ती वही काढतात. लाल कापडात बांधलेली, लांबट. यजमान स्वतःच्या हाताने लिहितो: नाव, वडील, आजोबा, पणजोबा, भाऊ, पुतणे, मुलं, कशासाठी आलो, तिथी, सही. जुन्या नोंदी मोडीत. लोक आपल्या पणजोबांचं अक्षर बघून रडतात, हे मी पाहिलेलं आहे.

आता वरच्या चर्चेचा चष्मा लावून बघा. 'आज अमुक तिथीला वडिलांच्या अस्थी घेऊन आलो', सही. हे अस्सल, त्याच क्षणाचं, त्याच माणसाच्या हातचं. पण त्याच नोंदीत वर जी पाच पिढ्यांची नावं आहेत ती त्याने घरी ऐकलेली. खापरपणजोबांचं नाव त्याला ठाऊक आहे, म्हणजे कुणीतरी सांगितलंय. तेवढा भाग ऐकीव. मग मागची पानं उलटायची. खापरपणजोबा स्वतः कधी आले असतील आणि त्यांनी आपलं नाव आपल्या हाताने वेगळं लिहिलं असेल तर ते धरायचं. दोन भाऊ वेगवेगळ्या वर्षी येऊन आजोबांची वेगवेगळी नावं लिहून गेलेत, असंही गुरुजींनी दाखवलंय. एकाने पाळण्यातलं नाव लिहिलं होतं, दुसऱ्याने व्यवहारातलं.

पंचवटी_पूर्व

विसाव्या शतकाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. आमच्या घरात काळाराम सत्याग्रहाच्या आठवणी सांगितल्या जातात. २ मार्च १९३० ला सुरू झाला तो. एक मामाआजोबा छातीठोक सांगायचे की रथ ओढताना झालेली दगडफेक रामनवमीच्या दिवशीची. काही पुस्तकांतही तसंच आहे. तारीख देतात ९ एप्रिल. पण नाशिककरांना माहीत आहे, रामाचा रथ निघतो कामदा एकादशीला, नवमीनंतर दोन दिवसांनी. शके १८५२ चं पंचांग काढून ९ एप्रिलला तिथी कुठली होती ते बघा, वाद दोन मिनिटांत मिटतो. पंचांग छापणाऱ्याला सत्याग्रहाशी काही देणं-घेणं नव्हतं, म्हणूनच तो पंच म्हणून चालतो.

मामाआजोबांची आठवण म्हणून टाकाऊ होत नाही. दार बंद झाल्यावर आत-बाहेर काय वाटलं, कोण कुणाशी बोलेनासं झालं, हे पोलिसांच्या अहवालात सापडणार नाही. पण तारखेला तिच्यावर विसंबू नये.

आणि बाबासाहेबांनी त्यांचे नाशिकचे सहकारी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रं वाचा, छापलेली आहेत. पुढे काय होणार हे पत्र लिहिणाऱ्याला माहीत नसतं. पुढे आठवणी सांगणाऱ्याला १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा माहीत असते, त्यामुळे तो १९३० मधल्या प्रत्येक गोष्टीत येवल्याची चाहूल शोधतो. पत्रांत ती ओढाताण नाही. तिथे लोक जमवायचे कसे, पैसे किती, आता थांबायचं की पुढे जायचं, असली रोजची कटकट आहे. राज्य सरकारने १९८२ ला बाबासाहेबांच्या चळवळीची मूळ साधनं छापली, त्यात त्या वेळचे सरकारी अहवालही आहेत. मजकूर मूळचाच, पण काय घ्यायचं हे संपादकाने ठरवलेलं, हे ध्यानात ठेवायचं.

तर्रीवाला

जरा गंभीर होतो. नाशिकचा कलेक्टर जॅक्सनचा खून, २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'शारदा' नाटकाचा प्रयोग. खटल्यातल्या साक्षी म्हणजे प्रेक्षागृहात बसलेल्या माणसांचे शब्द, काही दिवसांतच नोंदवलेले. याहून ताजं काय असणार? पण त्या नोंदवल्या इंग्रज सरकारने, फाशी द्यायच्या खटल्यासाठी, आणि मराठीत बोललेलं इंग्रजीत उतरवून. साक्षीदार घाबरलेला असणार ते वेगळंच. म्हणजे कागद अस्सल, आणि त्यातल्या शब्दांवर पोलिसाचा हात. जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांवर लिहिणाऱ्याला तो कागद टाळताही येत नाही आणि गिळताही येत नाही.

पाथर्डीफाटा

मग विद्यार्थ्याने करायचं काय? सगळ्यांनाच अखबारं आणि फलक कुठून मिळणार?

मोडीवेडा

मिळायची गरज नाही. दुय्यम पुस्तक वापरायला कुणाची मनाई नाही, चांगलं दुय्यम पुस्तक म्हणजे दहा वर्षांची मेहनत आयती हातात. त्याला प्राथमिक म्हणायचं नाही, एवढंच. वाक्य लिहिताना विचारायचं, हे त्याला कसं कळलं? तळटीप असेल तर तळटीपेत काय आहे ते बघायचं. ती दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवत असेल तर तिथे जायचं. जिथे बोट संपतं तिथे आपल्या वाक्यात तसं नाव घालायचं. 'गडावर लाकडी तोफा होत्या' असं न लिहिता 'लाकडी तोफांचं वर्णन खाफीखान करतो, इलियटच्या अनुवादानुसार' असं लिहायचं. अर्धा प्रकल्प तिथेच सुधारतो.

गोदाकाठ

भाचीने कालच बसून सूची फोडली. गॅझेटियर दोन्हीकडे घातलंय, पृष्ठांकानुसार. खाफीखान 'अनुवादातून' असं लिहून. यूट्यूब चॅनेल 'लोकस्मृती आणि प्रचलित कथा' नावाच्या नव्या मथळ्याखाली गेला, ही तिची स्वतःची आयडिया. किल्लेदाराची दोन्ही नावं ठेवलीत, पुढे कुठे आढळलं ते लिहून. मॅडम काय म्हणतात ते कळवतो.

सह्यपुत्र

दोन्ही नावं ठेवली हे बरं केलं.

देवळाली_रिटर्न्स

धागा वर काढतोय, पण विषयाला धरूनच. आमच्या सिन्नरच्या जुन्या वाड्यात पत्र्याच्या पेटीत एक मोडी कागद सापडलाय. काका म्हणतात पेशव्यांची सनद आहे, जमिनीची. लॅमिनेट करू का? अस्सल आहे की नाही हे कसं ओळखायचं?

मोडीवेडा

लॅमिनेट अजिबात करू नका! प्लॅस्टिक एकदा चिकटलं की कागद कायमचा गेला.

अस्सल, नक्कल आणि बनावट अशा तीन शक्यता आहेत. नक्कल म्हणजे खोटं नव्हे. सनदांच्या नकला त्या काळीही करून ठेवत, कधी वर तसं लिहिलेलंही असतं. इंग्रजी अमलात, इनाम कमिशनच्या (इनामांचे हक्क तपासणाऱ्या सरकारी चौकशीच्या) वेळी, लोकांनी सरकारात दाखवायला नकला केल्या. बनावट कागदही तयार झाले, कारण इनाम टिकवायचं होतं. तेव्हा आधी बघा, मजकुराच्या शेवटी 'मोर्तब सुद' (मजकूर पुरा झाल्याची खूण) आहे का आणि शिक्का उमटलेला आहे का, की शिक्क्याच्या जागी नुसतं 'शिक्का' असं लिहिलंय? तसं लिहिलं असेल तर तो नकलेचा कागद. मग तारीख. सुहूर सन (मराठी दप्तरातली जुनी कालगणना) अरबी आकड्यांच्या शब्दांत असतो, शेजारी शक किंवा चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख) दिला असेल तर दोन्ही एकमेकांशी बसतात का ते ताडता येतं. बनावट करणारे बहुधा इथेच सापडतात.

उन्हात नेऊ नका, घडी जोर लावून उलगडू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा आणि इथे टाका. दोन्ही बाजूंचे काढा. दप्तरात रुजू झाल्याचे शेरे पाठीमागे असतात आणि लोक नेमकी तीच बाजू पाठवत नाहीत.